गायरानाची साक्ष : दलित मौखिक इतिहासापुढील काही प्रश्न

दलित साहित्याने मराठी वाङ्मयाला काय दिले, असे कुणी विचारले की आपण आत्मकथनांकडे बोट दाखवतो. ते योग्यच आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली. गावकुसाबाहेरचे जगणे मराठी वाचकापुढे प्रथमच भोगणाऱ्याच्या तोंडून उभे राहिले. परंतु या आत्मकथनांत एक गोष्ट समान आहे, आणि तिची चर्चा आपल्याकडे पुरेशी झालेली नाही. ही आत्मकथने लिहिणारा माणूस गाव सोडून बाहेर पडलेला आहे. शाळा, बोर्डिंग, कॉलेज, नोकरी या वाटेने तो गेला आणि त्या वाटेवरून वळून त्याने गावाकडे पाहिले. जो गेलाच नाही, ज्याने गावाच्या शिवेवरची बरड जमीन धरली, तिच्यातले दगड वेचले आणि तिथेच देह ठेवला, त्याचे पुस्तक नाही. त्याच्याजवळ लेखणी नव्हती, आणि ज्यांच्याजवळ ती आली ते आपण सगळे बाहेर पडलेले. हे लिहिणारा मीही त्यांच्यातलाच आहे.

म्हणून गायरान कसणाऱ्यांचा इतिहास टिकवायचा असेल तर तो त्यांच्या तोंडूनच घ्यावा लागेल. मौखिक इतिहास हा शब्द आता विद्यापीठांत रुळला आहे. चर्चासत्रे होतात, प्रकल्प मिळतात. पण आपण हे काम कसे करतो, कुणाला विचारतो, काय विचारतो आणि लिहिताना त्या बोलण्याचे काय करतो, याची परखड तपासणी झाली पाहिजे. या लेखाचा हेतू तेवढाच आहे.

आधी थोडा संदर्भ. गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरण्यासाठी राखलेली सरकारी जमीन. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २२ व्या कलमात अशी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. काळीभोर जमीन गुरांसाठी कुणी राखत नाही. राहते ती मुरमाड, खडकाळ, पाणी न धरणारी. अवर्षणाच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या येवला-नांदगाव-सिन्नरच्या बाजूला किंवा मराठवाड्यात, ही जमीन वर्षातले आठ महिने वाळवंटासारखीच असते. 'कसेल त्याची जमीन' हे सूत्र १९५७ पासून कूळकायद्याने अमलात आणले. पण त्याचा लाभ कुळाला झाला. महार-मांग बहुतेक ठिकाणी कूळ नव्हतेच, ते सालगडी नाही तर रोजगारी होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली. गुलामीची ती साखळी तुटली हे चांगलेच झाले, पण वतनाच्या जमिनी आधीच पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन चिंध्या झालेल्या होत्या. तेव्हा उरले काय? गावाचे पडीक आणि गायरान.

या पडिकासाठी मराठवाड्यात १९५३ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने सत्याग्रह केला. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली नाशिक, खानदेश आणि मराठवाड्यातले भूमिहीन रस्त्यावर आले. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला. तीन लाखांहून अधिक लोक त्यात तुरुंगात गेले, अशी चळवळीची नोंद आहे. दादासाहेब दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचे ते एक मुख्य आधार होते. आज नाशिकमध्ये २ मार्च १९३० ही तारीख शाळकरी पोरालाही ठाऊक असते. १९५९ आणि १९६४ या सालांविषयी मात्र पदवीच्या वर्गात विचारले तर शांतता पसरते. मंदिर आठवते, जमीन आठवत नाही.

हे विस्मरण आपोआप आलेले नाही. जमिनीच्या प्रश्नावर रान उठवणाऱ्या दादासाहेबांवर ते साम्यवाद्यांच्या आहारी गेले असा आरोप त्या वेळी पक्षातूनच झाला. शिकलेल्या, शहरातल्या कार्यकर्त्यांना घटनात्मक मार्ग, राखीव जागा आणि शिक्षण हे प्रश्न जवळचे होते. चिखलातली जमीन थोडी दूरची होती. त्यांच्याच हाती पुढे लेखणी आली. तेव्हा इतिहासात काय राहिले आणि काय गळाले, याचा दोष सगळा प्रस्थापितांच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आता जे संकलन झाले आहे त्याकडे पाहू. या क्षेत्रातले आपले सर्वांत महत्त्वाचे पुस्तक म्हणजे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला'. ते १९८९ साली प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून या दोघींनी जे काम केले त्याला मराठीत तोड नाही. विद्यापीठीय इतिहासकारांना ज्या बायका दिसल्याच नव्हत्या त्या तिथे नावागावासह बोलतात. विचारणाऱ्या बाया त्याच चळवळीतल्या, म्हणून बोलणाऱ्या बायांनी दार उघडले, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे. परंतु या पुस्तकाचा विषयच चळवळीतला सहभाग हा आहे. त्यामुळे सभा, परिषदा, सत्याग्रह आणि संघटना हे त्याचे टप्पे आहेत. जिने कधी व्यासपीठ पाहिले नाही पण चार एकर माळ पिकाऊ केला, ती या चौकटीत बसत नाही. हा पुस्तकाचा दोष नव्हे. त्यानंतर आलेल्या आपण लोकांनी तीच चौकट पुढे घोकत राहणे, हा दोष आहे.

दुसरे उदाहरण शांताबाई दाणींच्या 'रात्रंदिन आम्हा' या आत्मकथनाचे. ते १९९० साली आले, शब्दांकन भावना भार्गवे यांचे आहे. नाशिकच्या चळवळीत दादासाहेबांच्या बरोबरीने उभ्या राहिलेल्या या बाईचे आयुष्य कागदावर आले, याबद्दल आपण ऋणी असले पाहिजे. मला प्रश्न पडतो तो शब्दांकन या प्रकाराविषयी. सांगणारी एक आणि लिहिणारी दुसरी असते, तेव्हा मध्ये एक संवाद घडलेला असतो. कुणीतरी काही विचारलेले असते, काही विचारलेले नसते. छापील पानावर तो संवाद पुसला जातो आणि सलग निवेदन उरते. वाचकाला वाटते, बाई असेच बोलल्या. शांताबाई शिकलेल्या होत्या, आमदार झाल्या, त्यांना आपला शब्द राखता येत होता. निरक्षर भूमिहीनाच्या बाबतीत मात्र शब्दांकन करणाऱ्याच्या हाती फार मोठी सत्ता जाते.

तिसरे संकलन जात्यावरच्या ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात भीमराव आणि रमाईवरच्या ओव्याही पुष्कळ आहेत; बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत. या संकलनाचे मोठेपण असे की बाईला कुणी प्रश्न विचारण्याआधीच तिने स्वतःचे बोलणे रचलेले होते. तिथे विचारणाऱ्याची चौकट आडवी येत नाही. मात्र ओवी ही ओवीच्या रीतीने बोलते. तिच्यात माया येते, दुःख येते, भक्ती आणि अभिमान येतो. तलाठ्याची पावती, मोडलेला बांध आणि पेटवलेली गंजी तिच्यात क्वचितच येते. त्यासाठी बसून विचारावेच लागते.

मग आपण काय विचारतो? काही वर्षांपूर्वी येवला-नांदगावच्या बाजूला एका वस्तीवर विद्यार्थ्यांना घेऊन मी गेलो होतो. प्रश्नावली तयार होती. सत्याग्रहात कोण होते, कुठल्या तुरुंगात होते, दादासाहेबांना पाहिले का. म्हातारे बाबा भरभरून बोलले. तुरुंगातली भाकरी, घोषणा, सुटून आल्यावरची मिरवणूक. त्यांची बायको दाराशी तूर निवडत बसली होती. उठताना मी उपचार म्हणून विचारले, "आजी, तुमची काही आठवण?" आजी म्हणाली, "मास्तर, ते पंधरा दिस आत व्हते, त्याचं तुमी समदं लिवून घेतलं. मी सात उन्हाळे दगडं येचले, ते कोन लिवनार?"

त्या एका वाक्यात आपल्या सगळ्या मौखिक इतिहासावरची टीका आहे असे मला वाटते. जमीन सत्याग्रहाने मिळत नाही. सत्याग्रहाने ती धरता येते. ती जमीन होते नंतर, दहा-पंधरा वर्षांनी. आधी पहारीने दगड उपटायचे, ते घमेल्याने वाहून उताराला आडवा बांध घालायचा, त्या बांधाला पावसाने वाहून आलेली माती अडवायची. हराळी खणून काढायची. बैल नसतात, म्हणून सावडीने दुसऱ्याचे औत आणायचे आणि त्याच्या बदल्यात दोन दिवस त्याच्या रानात राबायचे. पहिली दोन वर्षे हुलगे आणि मटकी, मग कुठे बाजरी. पीक उभे राहिले की कुणाची तरी गुरे रात्री आत सोडली जातात. मग पंचनामा, मग दंड, मग दंडाची पावती. ती पावती बाई पत्र्याच्या पेटीत लुगड्याच्या घडीखाली जपून ठेवते, कारण शिक्षेचा तो कागदच पुढे तिच्या ताब्याचा पुरावा होणार असतो.

ही सगळी विद्या आहे. कोरडवाहू माळाला माती कशी धरायची, याचे ज्ञान कुठल्याही कृषी महाविद्यालयाने या माणसांना दिलेले नाही. आणि हे काम बहुतांशी बायांनी केले आहे. आपण मात्र चळवळीचा इतिहास म्हणून फक्त पंधरा दिवसांचा तुरुंग लिहून घेतो. तुरुंग आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण इतिहासाच्या पुस्तकांत तो असतो. दगड वेचणे हा इतिहास आहे, असे आपल्याला कुणी शिकवलेलेच नाही.

मी स्वतः केलेली दुसरी चूक भाषेची. बाबांच्या तोंडचे शब्द होते, "गायरान धरलं", "आमचं वावर". वहीत मी लिहिले, 'अतिक्रमण केले', 'अतिक्रमित क्षेत्र'. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही असते. तिचाच शब्द मी बाबांच्या तोंडी घातला. शुद्ध लिहिण्याच्या नादात मी त्यांच्याविरुद्धची फिर्याद लिहीत होतो, हे घरी आल्यावर लक्षात आले. 'धरणे' या क्रियापदात हक्क आहे, 'अतिक्रमण' या नामात गुन्हा आहे. ज्या शब्दात माणूस आपली कृती सांगतो त्याच शब्दात तिचा न्याय असतो. शब्द बदलला की साक्ष फिरते.

येथे बाहेरच्या जगातला एक अनुभव उपयोगी पडेल. अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात एका सरकारी योजनेखाली पूर्वीच्या गुलामांच्या दोन हजारांहून अधिक मुलाखती घेतल्या गेल्या. विचारणारे बहुतेक गोरे होते. मंदीचा काळ, म्हातारी माणसे निराधार, आणि समोर सरकारचा माणूस. कित्येकांनी जुन्या मालकाविषयी गोड बोलून वेळ मारून नेली, आणि पुढच्या अभ्यासकांना हे संकलन फार जपून वापरावे लागले. आपल्याकडे वेगळे काय घडते? विचारणारा सवर्ण असेल तर सांगणारा सांभाळून बोलतो, हे उघड आहे. पण विचारणारा आपलाच शिकलेला पोरगा असेल, तर त्याला जे ऐकायला आवडेल तेच सांगितले जाते. तो निळ्या झेंड्याखालून आला आहे हे दिसते, म्हणून त्याला बाबासाहेब आणि दादासाहेब सांगितले जातात. सावकार, दारू, भावाभावांतली वाटणी आणि बांधाची भांडणे वगळली जातात. ही आदराची सेन्सॉरशिप आहे, आणि ती मोडण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर आहे.

अशा साक्षींवर नेहमी येणारा आक्षेप म्हणजे त्यांत तारखा चुकतात. चुकतातच. १९५९ आणि १९६४ चे सत्याग्रह एकात मिसळतात. साल 'बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी' किंवा 'नामांतराच्या दंगलीनंतर' असे सांगितले जाते. इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या शहराचा मौखिक इतिहास लिहिणारे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना असाच अनुभव आला. तिथला एक कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीने मेला; पण कामगारांना आठवत होते की तो १९५३ च्या कामगारकपातीच्या लढ्यात मेला. पोर्तेल्लींनी कामगारांना खोटे ठरवले नाही. हे मरण लोकांनी चार वर्षे पुढे का नेले, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि कामगारांच्या पराभवाचा अर्थ त्यातून त्यांना सापडला. आपल्या म्हाताऱ्यांनीही दुष्काळ हेच साल धरले असेल, तर त्या कालगणनेत त्यांच्या जगण्याचे सत्य आहे. वर्तमानपत्रे आणि दप्तरे पाहून खरी तारीख शोधणे हे आपले काम आहे. त्यांच्या तोंडातली तारीख गुपचूप दुरुस्त करणे हे आपले काम नाही.

पण तारखेचा प्रश्न इथे केवळ अभ्यासकांचा नाही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीनांनी शेतीसाठी धरलेली सरकारी पडीक आणि गायराने नियमित करण्याचे ठरले. म्हणजे वहिवाट कधी सुरू झाली, यावर कुटुंबाचे भवितव्य ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. शासनाच्या अधिसूचनेखाली भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिलेले असतील तर त्यांचा अपवाद मान्य केला. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतल्यावर पुन्हा वस्त्यावस्त्यांवर नोटिसा गेल्या. ज्यांच्या पेटीत पावती होती ते थोडे तरी उभे राहू शकले. ज्यांच्याकडे फक्त आठवण होती त्यांचे काय?

अमेरिकेच्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याची येथे आठवण होते. १६० एकर सरकारी जमीन धरायची, पाच वर्षे तिथे राहून ती कसायची, आणि शेवटी दोन साक्षीदारांनी सांगायचे की होय, हा माणूस इथे राहिला, याने ही जमीन पिकवली. त्या साक्षीवर मालकी मिळे. पुढे पश्चिमेकडच्या कोरड्या, जवळजवळ वाळवंटी मुलखातही लोक असेच वसले, आणि त्यांच्या आठवणी आज तिथली विद्यापीठे आणि संग्रहालये जपतात. त्या देशात शेजाऱ्याच्या तोंडी साक्षीला एवढी किंमत होती. आपल्याकडे अख्खी वस्ती साक्ष द्यायला उभी राहते आणि अधिकारी विचारतो, "कागद आहे का?" मात्र या उदाहरणाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. ती जमीन ओसाड नव्हती. तिथल्या मूळ जमातींना हुसकून ती रिकामी केली गेली होती. वसणाऱ्यांच्या आठवणी जपताना हुसकलेल्यांच्या आठवणी कित्येक वर्षे कुणी विचारल्या नाहीत.

हा इशारा आपल्यालाही लागू आहे. आपल्या गायरानावर कुणाची मेंढरे चरत होती? वाडा घेऊन फिरणाऱ्या धनगराला, कुठे भिल्लाला, त्या माळाविषयी काय आठवते? 'गायरान वाचवा' म्हणत दलित वस्तीवर चालून येणारा बागाइतदार वेगळा आणि खरोखरच चाऱ्यावर जगणारा गरीब वेगळा, हे आपण साक्षींतूनच दाखवू शकतो. आपल्याआपल्यातही महारवाड्याने आधी धरले आणि मांगवाड्याला खडक उरला, असे झाले असेल तर तेही नोंदले पाहिजे. आणि जमीन नावावर झाली तेव्हा सातबाऱ्यावर नाव कुणाचे लागले? सात उन्हाळे दगड वेचणारीचे लागले का? हे प्रश्न चळवळीला अवघड आहेत. पण जो इतिहास फक्त आपली बाजू सांगतो तो मोर्च्यात चालतो, अभ्यासात टिकत नाही, आणि न्यायालयात तर मुळीच नाही.

विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी काम करताना काय धरावे, याविषयी थोडे सांगतो. साक्ष घरात बसून घेऊ नये, रानात चालत घ्यावी. बांध दिसला की बाई आपोआप बोलते. बोलणे तिच्याच बोलीत उतरवावे आणि आपला प्रश्नही लिहावा. नवरा-बायकोला वेगवेगळे विचारावे. उतारा करून झाल्यावर तो वस्तीत मोठ्याने वाचून दाखवावा, कारण चूक तिथेच कळते. एक प्रत त्या घरात राहिली पाहिजे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ही साक्ष धोक्याची असू शकते हे ध्यानात ठेवावे. एखाद्याने भोळेपणाने सांगितले, "आमी बाबरीच्या वक्ताला धरलं", म्हणजे १९९२ साली, तर मुदतीनंतरच्या ताब्याची कबुली आपण त्याच्याच आवाजात मुद्रित करून ठेवली. ती टेप कुठल्या विभागाच्या कपाटात राहील, उद्या कुणाच्या हाती जाईल, हे आपल्याला सांगता येत नाही. तेव्हा काय ठेवायचे, काय झाकायचे, याचा निर्णय सांगणाऱ्याचा. त्याला आधी कायदा समजावून सांगावा, मग आवाज नोंदवावा. प्रबंधापायी एका कुटुंबाचे चार एकर जाणार असतील, तर असा प्रबंध न झालेला बरा.

१९५९ आणि १९६४ पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. दरवर्षी त्यातली काही कमी होतात. त्या आजींकडे मी पुढच्या उन्हाळ्यात परत गेलो. प्रश्नावली नेली नव्हती. काठी टेकत तिने मला बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले आणि कुठला दगड कुठल्या साली लावला ते सांगत गेली. मोठा लेक पोटात होता तेव्हाचा दगड, सासू गेली त्या वर्षाचा दगड. सातबारा अजून झालेला नव्हता. मी उतरवलेले वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, आता हे तलाठ्याला बी वाचून दावा."

तलाठी ते ऐकेल की नाही हे मला ठाऊक नाही. पण त्याला वाचून दाखवता येईल असे लिहिणे, हे आपले काम आहे.